साहेबांना पाठवा, मॅडम

अंबडच्या ज्या कारखान्यात माझी उमेदीची वर्षं गेली, तिथे माझं काम गळती शोधण्याचं होतं. आम्ही पंप बनवायचो. तयार झालेला प्रत्येक पंप आमच्या विभागात यायचा. त्याची तोंडं बंद करायची, आत हवेचा दाब भरायचा आणि तो पाण्याच्या हौदात बुडवायचा. बुडबुडा दिसला की पंप परत. बुडबुडा कुठून आला, ओतकामात छिद्र राहिलंय, पॅकिंग फाटलंय की कुणी बोल्ट वाकडा आवळलाय, हे शोधून सांगायचं, त्याचाच मला पगार होता. मेकॅनिकलच्या डिप्लोमाला आमच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. कारखान्यातही बराच काळ एकटीच. लोकांना वाटायचं, ही स्टोअरमध्ये असेल, नाहीतर टाइपिंगला.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी चिडचिड त्यावरच उभी आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही इंदिरानगरला एका छोट्या सोसायटीत राहायचो. नवरा बँकेत. स्वभावाने अतिशय सज्जन, आणि मशीन म्हणून जे काही असेल त्याला घाबरणारा. मिक्सरचं झाकण नीट बसलं नाही तरी हाक मारणार. आमच्याकडे एक जुनी गाडी होती, पंचवटीतल्या एका डॉक्टरांनी वापरून काढून टाकलेली. घ्यायची मी ठरवली होती, चालवायची मी, पाणी-ऑइल बघायचे मी. नवरा शेजारी बसायचा आणि सिग्नल लाल झाला की हळूच सांगायचा, "लाल आहे गं."

गाडी चांगली होती. वयाने थकलेली, पण चांगली. एक सर्व्हिसिंग करून घ्यावं म्हणून मी ती एका गॅरेजला नेली. नाव सांगत नाही. द्वारका चौकाच्या पुढे, रस्त्याला लागून, बाहेर चकचकीत बोर्ड. मालक पन्नाशीचा, कपाळाला गंध, पांढरा शर्ट, हाताला ऑइलचा डाग नाही. मी सांगितलं, एअर फिल्टर तेलकट होतोय, जरा बघा. तो माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, "साहेब आले नाहीत का?"

"साहेबांचं काय काम आहे? गाडी माझी आहे."

"तसं नाही मॅडम. एकदा समजावून सांगितलं असतं."

"मला समजावून सांगा."

तो हसला. ते हसू मला आजही आठवतं. लहान मुलाने 'मी रेल्वे चालवणार' म्हटल्यावर मोठी माणसं हसतात तसं.

गाडी संध्याकाळी मिळाली. फिल्टर कोरडा ठणठणीत. मी खूश झाले.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत पार्किंगच्या फरशीवर पहिला डाग दिसला. आधी रुपयाएवढा, मग बशीएवढा, मग परातीएवढा. मी गाडी परत नेली. मालकाने बॉनेट उघडलं, वर-वर नजर टाकली आणि म्हणाला, "टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय." इंजिनच्या डोक्यावर जे पत्र्याचं झाकण असतं ना, त्याच्याखालचं कॉर्कचं पॅकिंग. बदललं. चार दिवस बरं. मग पुन्हा डाग. पुन्हा नेली. आता म्हणे खाली ऑइलच्या चेंबरचं पॅकिंग गेलं. तेही बदललं. पुन्हा डाग. मग पुढच्या पुलीमागचं सील. प्रत्येक वेळी मी विचारायची, "एकाच वेळी सगळंच कसं जाईल? आधी तर एक थेंब नव्हता." प्रत्येक वेळी तोच सूर, "जुनी गाडी आहे मॅडम. म्हातारं माणूस कुठूनही गळतं." आणि शेवटी, "तुम्ही कशाला त्रास घेता? साहेबांना पाठवा."

मी तेव्हाच स्वतः खाली बसून बघायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. पण कारखान्यात शिफ्ट, घरी सासूबाईंचं आजारपण, आणि सुट्टीच्या दिवशी गाडीखाली झोपायचं म्हणजे चार लोकांच्या नजरा. शिवाय एका माणसाला त्याच्या कामाचे आपण पैसे देतो, तर त्याने ते काम नीट करावं, अशी माझी साधी अपेक्षा होती. मी माझं काम तसंच करत होते.

सोसायटीत कुजबुज सुरू झालीच होती. चेअरमन निवृत्त अधिकारी. जिन्यात मी समोर असूनही ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "जरा मिसेसना सांगा, गाडी बाहेर रस्त्यावर लावत जा म्हणावं. फरशी खराब होतेय." मी तिथेच उभी होते! हातात भाजीची पिशवी घेऊन. नवरा म्हणाला, "हो हो, सांगतो." आणि घरात आल्यावर खरोखरच सांगायला लागला.

"मी ऐकलंय," मी म्हटलं. "मी तिथेच होते."

"अगं, त्यांना वाईट वाटू नये म्हणून हो म्हटलं."

"आणि मला वाटलं तर?"

त्यावर तो पेपर वाचायला लागला.

मग जे व्हायला नको ते झालं.

आमच्या खाली तळमजल्यावर एक काकू राहायच्या. एकट्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत, सकाळी सहाला अंगणात सडा नाही पडला तर त्यांचा दिवस सुरू व्हायचा नाही. त्या दिवशी सकाळी पाण्याची टाकी भरून वाहिली आणि पाणी सगळ्या पार्किंगमध्ये पसरलं. त्या पाण्यावर आमच्या गाडीचं ऑइल पसरलं, इंद्रधनुष्यासारखं. काकू मोटर बंद करायला धावल्या आणि माझ्या गाडीच्या मागच्या चाकापाशी घसरल्या. हात टेकला. मनगट मोडलं.

आवाज ऐकून मी खाली आले तेव्हा त्या पाण्यात बसल्या होत्या. डावा हात उजव्या हातात धरून. मनगट भलत्याच दिशेला वळलेलं. रडत नव्हत्या. मला बघून म्हणाल्या, "आधी मोटर बंद कर. पाणी वाया चाललंय."

मी मोटर बंद केली, त्यांना उचललं आणि त्याच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. रस्ताभर त्या एका शब्दाने मला बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. प्लास्टर घालताना त्यांनी माझा हात असा दाबला की बोटांचे ठसे उठले.

काकूंना घरी सोडून, साडीही न बदलता, मी सरळ गॅरेजला गेले. माझ्या साडीला ऑइल लागलं होतं, काकूंच्या पदराचं पाणी लागलं होतं. मालकाला सगळं सांगितलं. बाई पडली, मनगट मोडलं, वय पासष्टच्या पुढे, एकटी राहते. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काय आहे मॅडम, पार्किंगमध्ये बघून चालायला पाहिजे ना माणसाने."

मी त्याला मारलं नाही. का मारलं नाही ते मला अजून कळलेलं नाही.

"गाडी ठेवून जा," तो म्हणाला. "नीट तपासून सांगतो."

मला कारखान्यात जायचंच होतं, सुपरवायझरला निरोपही दिलेला नव्हता. मी गाडी ठेवली आणि रिक्षाने अंबडला गेले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत घरी निरोप द्यावा म्हणून बँकेत नवऱ्याला फोन लावला, कारण सासूबाई फोन उचलायच्या नाहीत. नवरा म्हणाला, "अगं, गॅरेजवाल्यांचा फोन आला होता. इंजिन काम काढावं लागणार म्हणे. पिस्टनच्या रिंगा गेल्यात. इंजिनचं हेड उतरवणार आहेत. मी हो म्हटलं."

माझ्या हातात रिसीव्हर होता. मागे कँटीनमध्ये ताटं वाजत होती.

"तुम्ही हो म्हणालात?"

"ते म्हणाले, साहेब, तुम्ही ठरवा, मॅडमना यातलं काय कळणार. मी म्हटलं, तिला बरंच कळतं. पण ते म्हणाले, आत्ताच सांगा, माणसं मोकळी आहेत…"

"रिंगा गेल्या तर गाडीतून निळा धूर येतो. येतो का धूर?"

"मला कसं माहीत?"

"मग हो कसं म्हणालात?"

तो हळूच म्हणाला, "जाऊ दे ना, होऊन जाईल एकदाचं."

'जाऊ दे ना.' आमच्या संसारात हे तीन शब्द कमी असते तर माझं आयुष्य दहा वर्षांनी वाढलं असतं असं मला वाटतं. मी फोन ठेवला, अर्धी रजा टाकली आणि रिक्षा करून पुन्हा द्वारका गाठली. गाडीचं बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं. एक माणूस हेडच्या नटाला पान्हा लावून उभा होता.

"थांबा," मी ओरडले. "हात काढा."

मालक आतून आला. "साहेबांशी बोलणं झालंय मॅडम."

"साहेबांची गाडी असेल तर त्यांच्या गाडीचं हेड उतरवा. ही माझी आहे. बॉनेट बसवा."

"बघा हां, उद्या इंजिन जाम झालं तर आमच्याकडे यायचं नाही."

"नाही येणार."

बॉनेट बसवायला त्यांनी मुद्दाम वेळ लावला. मी ऊन अंगावर घेत उभी राहिले. कुणी स्टूल दिलं नाही. मी मागितलंही नाही.

घरी आल्यावर नवऱ्याशी त्या दिवशी मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याने स्वतः चहा करून माझ्यासमोर ठेवला, तो मी प्यायले, पण बोलले नाही. मला गॅरेजवाल्याचा जेवढा राग होता त्याहून नवऱ्याचा जास्त होता. परक्या माणसाने मला मोजलं नाही, हे मी समजू शकते. रोज माझ्या हातचं जेवणाऱ्या, माझी पगाराची स्लिप बघणाऱ्या, मी हौदात पंप बुडवते ते बघायला एकदा कारखान्यात येऊन गेलेल्या माणसाने फोनवर परस्पर 'हो' म्हणावं?

रविवारी सकाळी मी जुना पंजाबी ड्रेस घातला, केस बांधले आणि खाली उतरले. रॉकेलचा डबा, ब्रश, फडकी, टॉर्च आणि टाल्कम पावडरचा अख्खा डबा. पहिल्यांदा सगळं इंजिन रॉकेलने धुतलं. कित्येक महिन्यांचं काळं, धूळ बसून घट्ट झालेलं ऑइल ब्रशने खरवडून काढलं. पुसून कोरडं केलं. कारण गळती शोधायची तर आधी जुना पसारा साफ व्हावा लागतो. ऑइल वरून निघतं, वाऱ्याने मागे जातं, खाली येऊन टपकतं, आणि माणूस टपकतं तिथेच बघत बसतो.

वरच्या गॅलऱ्यांमधून लोक बघत होते. चेअरमन पेपर हातात घेऊन खाली आले. "काय हे वहिनी, गॅरेजला द्यायची ना."

"दिली होती," मी म्हटलं आणि ब्रश झटकला. त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर चार ठिपके उडाले. चुकून उडाले असं मी त्यांना सांगितलं.

मग तळमजल्याचं दार उघडलं आणि काकू बाहेर आल्या. गळ्यात झोळी, झोळीत प्लास्टरमधला हात. दुसऱ्या हाताने प्लास्टिकचं स्टूल ओढत. गाडीपाशी स्टूल ठेवलं आणि बसल्या.

"काकू, तुम्ही आत बसा. वास येतोय रॉकेलचा."

"मला बघायचंय माझा हात कुणी मोडला ते," त्या म्हणाल्या. "टॉर्च दे इकडे. एक हात आहे अजून."

मी त्यांना टॉर्च दिला. त्यांनी टॉर्च अगदी जिथे हवा तिथे धरला, मुलांच्या वहीवर बोट ठेवून चूक दाखवावी तसा.

धुतलेल्या इंजिनवर मी सगळीकडे पावडर शिंपडली. टॅपेट कव्हरच्या कडेने, खाली चेंबरच्या जोडावर, पुढच्या पुलीपाशी, ऑइल मोजायच्या पट्टीच्या भोकापाशी. इंजिन पिठाच्या डब्यात पडल्यासारखं पांढरं झालं. काकू म्हणाल्या, "बारशाला नटवलंय जणू." मग मी गाडी काढली, पांडवलेणीपर्यंत नेली, थोडी जोरात चालवली आणि परत आणली. बॉनेट उघडलं. काकूंनी टॉर्च मारला.

मला वाटलं होतं एका ठिकाणी ओली रेघ दिसेल. पांढऱ्यावर काळी, हे बघ म्हणून बोट दाखवण्यासारखी. पण पावडर सगळीकडे भिजली होती. टॅपेट कव्हरच्या चारही बाजूंनी. चेंबरच्या जोडावर. पुलीमागे. आणि ऑइल मोजायच्या पट्टीच्या भोवती तर ऑइल चक्क उसळून वर आलेलं. त्या भोकात पॅकिंगही नसतं, सीलही नसतं. तिथून ऑइल वर कसं येईल?

मी तशीच बसून राहिले, फरशीवर, हात काळे. काकूंनी विचारलं, "काय झालं? सापडलं नाही?"

"सगळीकडून गळतंय."

"म्हणजे तो म्हणत होता तेच? गाडी म्हातारी?"

आणि तेव्हा मला आमचा हौद आठवला. एका जागेवरून बुडबुडे आले तर ती जागा वाईट. पण एखादवेळी पंपाच्या प्रत्येक जोडातून बुडबुडे यायचे, तेव्हा आमचे जुने साहेब म्हणायचे, पंप काढू नका, आधी दाबाचा काटा बघा. जोड वाईट नाहीत, आत दाब जास्त भरलाय.

मी गाडी चालू केली आणि ऑइल ओतायचं झाकण सैल केलं. झाकण हातात उडालं. आतून फस्सकन हवा आली आणि ऑइलचे थेंब माझ्या चष्म्यावर. चालू इंजिनमध्ये आत थोडा वायू तयार होतोच, पण तो बाहेर पडायला वाट असते. टॅपेट कव्हरवरून एक रबरी पाइप एअर फिल्टरच्या डब्याला जातो, त्याला ब्रीदर म्हणतात. त्यातून वायू निघून जातो. तो पाइप बाहेरून बघितला तर जागच्या जागी होता. क्लिपा आवळलेल्या. मी क्लिप सोडली, फिल्टरच्या बाजूचं टोक ओढून काढलं आणि आत बोट घातलं.

बोटाला लोखंड लागलं.

पकडीने ओढून काढला. एक बोल्ट. पिवळसर चकचकीत, नवा कोरा, त्याला फडक्याची चिंधी गुंडाळून पाइपमध्ये ठोकलेला. आमच्या गाडीवर एवढा नवा बोल्ट दुसरा नव्हता. फिल्टर तेलकट होतोय, अशी मी तक्रार केली होती ना? ही त्यावरची दुरुस्ती. फिल्टरमध्ये ऑइलची वाफ येते, तर वाट बंद करून टाका. फिल्टर कोरडा, मॅडम खूश. आत दाब वाढत गेला आणि प्रत्येक जोडातून ऑइल बाहेर ढकलत राहिला. आणि हा माणूस एकेक पॅकिंग बदलत राहिला.

मी बोल्ट काकूंच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो टॉर्चच्या उजेडात उलटसुलट बघितला.

"त्याला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला पुढे कित्येक दिवस छळत होता. माहीत होतं आणि तो मला हेड उतरवायला लावत होता, तर तो चोर. माहीत नव्हतं, ठोकून विसरून गेला, तर मग त्याला कळत काय होतं? आणि मग मला न समजावता साहेबांना काय समजावणार होता तो? दोन्हींपैकी कुठलं जास्त वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पाइप आतून साफ केला, फिल्टरच्या डब्याच्या आतली जाळी रॉकेलमध्ये धुतली, कारण मूळ तक्रार तिथे होती. जाळी पार चोंदली होती. टॅपेट कव्हरचं पॅकिंग दाबाने फुगून बाहेर आलं होतं, ते सोमवारी कारखान्यातून येताना नवं घेतलं आणि बसवलं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे, सगळे सारखे आवळले. गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी उठून आधी पुठ्ठा बघायची. पहिल्या सकाळी दोन डाग. मग एक. मग पुठ्ठा कोरडा.

नवऱ्याने पुठ्ठा बघितला आणि म्हणाला, "वा!" मी बोल्ट त्याच्यासमोर टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "मी येतो तुझ्याबरोबर," तो म्हणाला.

"कशाला? साहेब म्हणून?"

"नाही. नुसता येतो."

पुढच्या शनिवारी आम्ही गॅरेजला गेलो. चार-पाच गिऱ्हाईकं बाकावर बसली होती. मालक नवऱ्याला बघून उठला, हात पुढे केला. "या साहेब! अखेर आलात."

मी मधे उभी राहिले आणि बोल्ट त्याच्या टेबलाच्या काचेवर ठेवला. "हा तुमचा."

"हा काय आहे?"

"माझ्या ब्रीदर पाइपमध्ये ठोकला होता. चिंधी लावून."

त्याने बोल्टकडे बघितलंही नाही. "पोरांनी केलं असेल. साहेब, तुम्ही बसा ना. चहा सांगू?"

"माझ्याशी बोला!" मी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात ओरडले नव्हते. रस्त्यावरचा एक रिक्षावाला वळून बघायला लागला. "तुम्ही गाडीची वाट बंद केली. तुम्हीच पॅकिंगं बदलत राहिलात. शेवटी हेड उतरवायला निघालात. एका म्हाताऱ्या बाईचं मनगट मोडलं. माझ्याशी बोला!"

"बाई, आवाज खाली. इथे गिऱ्हाईकं आहेत."

"गिऱ्हाईकांसाठीच बोलतेय."

मी बाहेर गेले, बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं. ब्रीदरचा पाइप काढून तो बोल्ट त्यात घातला आणि थोड्या वेळाने ऑइलचं झाकण सैल केलं. फस्स. बोल्ट काढला, पुन्हा झाकण सैल केलं. काही नाही. बाकावरची माणसं उठून आली होती, मान पुढे करून बघत होती. मालक दारात उभा राहून हसत होता, तेच ते हसू. गिऱ्हाईकांतला एक, सफारी सूट घातलेला, माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाला, "खरं आहे का हो हे?"

नवरा म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही. मी फोनवर हो म्हणालो, ती माझी चूक. यांना विचारा. रोज हेच काम करतात त्या."

तो मला 'यांना' म्हणाला, 'त्या' म्हणाला. माझ्या लक्षात आलं. सफारीवाल्याने मान डोलावली, "असं असं," आणि आपली चावी परत मागायला आत गेला. त्याच्या मागोमाग आणखी एक.

नवऱ्याला वाटलं, झालं आता, राग गेला असेल. परतताना तो जरा खुशीत होता. मी पुढच्या वळणावर गाडी बाजूला घेतली.

"मी पाइप काढून दाखवला, बोल्ट दाखवला, हवा दाखवली," मी म्हटलं. "डोळ्यांनी बघूनसुद्धा त्या सफारीवाल्याने विचारलं तुम्हाला. तुम्ही हो म्हटल्यावर खरं झालं."

"मी हो नाही म्हटलं. तुला विचारा म्हटलं."

"तेही तुम्ही म्हटलं म्हणून."

तो 'जाऊ दे ना' म्हणाला नाही. म्हणाला, "हो. बरोबर आहे तुझं. पण मग मी काय करायला हवं होतं, गप्प बसायला?" मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. त्या दिवसापासून आम्ही पुन्हा नीट बोलायला लागलो, एवढं मात्र झालं. पुढे गाडीबद्दल कुणाचाही फोन आला की तो रिसीव्हर माझ्या हातात द्यायचा, समोरचा काय म्हणतोय हे न ऐकता.

गॅरेजवाल्याने माफी मागितली नाही. चेअरमननीही फरशीचा विषय पुन्हा काढला नाही, म्हणजे गळती थांबली हे त्यांना कळलं होतं, पण तसं म्हणाले नाहीत. गाडी पुढे बरीच वर्षं चालली.

काकूंचं प्लास्टर निघालं तेव्हा मीच त्यांना घेऊन गेले. हात बारीक झालेला, मनगट किंचित बाहेरच्या बाजूला वळून बसलेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढं जुळलं हे खूप झालं. घरी आल्यावर काकूंनी बादलीतलं पातळ पिळायला घेतलं आणि अर्ध्यातच थांबल्या. पिळा येत नव्हता. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. पाणी पायावर सांडलं.

"दे इकडे," मी म्हटलं.

"थांब गं, येईल." त्यांनी पातळाचं एक टोक नळाला अडकवलं, दुसरं उजव्या हाताला गुंडाळलं आणि पिळायला लागल्या. पाणी निघालं, पण जसं निघायला हवं तसं नाही. त्या माझ्याकडे बघून हसल्या. "अजून चिडलीयेस?"

"हो."

"किती दिवस चिडणार आहेस?"

मी पातळाचं नळाकडचं टोक सोडवलं आणि माझ्या हाताला गुंडाळून ओढून धरलं. तिकडून त्यांनी पिळलं, इकडून मी.